सावित्री भुवड आणि शेवटचा कातळी घोडा

सावित्री भुवडला राग येतो असं म्हणणं बरोबर नाही. ती रागातच असते, मधूनमधून जरा उतरते. एकसष्ट वर्षांची बाई, अंगाने काटकुळी, पण भुवडवाडीत तिने घोडीला हाक मारली की खालच्या वाडीतली माणसं दचकतात. तिच्याबद्दल लिहायला बसलोय तो मी, सुलेमान खलफे, मालगुंडच्या बाजूचा. गुरांच्या दवाखान्यात एकतीस वर्षं पर्यवेक्षक होतो, आता घरी आहे. लोक मला डॉक्टर म्हणतात. मी डॉक्टर नाही. आमच्याकडे गुराला सुई टोचणारा प्रत्येक माणूस डॉक्टर असतो, आणि मीही कधी कुणाची चूक दुरुस्त केली नाही. हे लिहिताना मलाही राग आलेला आहे, आणि त्यातला मोठा वाटा माझ्या स्वतःवरचा आहे. तो का, ते सांगतो.

आमच्या सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या उघड्या कातळावर, एक लहान चणीचा घोडा असायचा. माझ्या छातीला लागेल एवढाच उंच. पाठीवर मानेपासून शेपटीपर्यंत काळी रेघ, खूर असे टणक की नाल ठोकायची गरज नाही. आठवडाभर संततधार लागली तरी हा गडी उघड्यावर उभा. सुकलेलं गवत, ऐनाचा पाला, जे मिळेल ते खाऊन पाठीवर आंब्याच्या चार पेट्या घेऊन अशा घाटीने उतरायचा, जिथून आपण हातात काही नसताना बसत बसत उतरतो. गावात त्याला नुसतं ‘कातळी’ म्हणतात. सरकारदरबारी त्याला नाव नाही. मी नोकरीत असताना तीनदा वर लिहून पाठवलं. तिसऱ्या खेपेला उत्तर आलं की संख्या फारच कमी असल्याने स्वतंत्र जात म्हणून विचार करता येत नाही. म्हणजे भरपूर असते तर वाचवायची गरज नव्हती, आणि कमी आहेत म्हणून वाचवता येत नाही. ते पत्र मी अजून ठेवलंय. कधी जेवण जास्त झालं, अंगावर सुस्ती आली, की काढून वाचतो. लगेच तरतरी येते.

मग ही जनावरं इतकी वर्षं टिकली कशी? कुणा साहेबामुळे नाही, तर एका रीतीमुळे. ज्या घरात कातळी असत त्या घरची लेक सासरी निघाली की तिला आंदणात एक घोडी द्यायची. घोडा मात्र माहेरीच राहायचा. दिवाळी झाली की लेक घोडीला घेऊन माहेराला यायची, आठ-पंधरा दिवस राहायची, आणि दोघी परत जायच्या. घोडी गाभण राहायची. शिंगरू मादी झालं तर लेकीचं, नर झाला तर दूध सुटल्यावर माहेरी पोचवायचा. लेकीची लेक मग आपली घोडी दुसऱ्याच घरच्या घोड्याकडे न्यायची. त्यामुळे एका घरातलं रक्त त्याच घरात कुजायचं नाही. पुस्तकं वाचून मी जे शिकलो ते या बायका मुकाट्याने करत होत्या, आणि त्यांना वाटत होतं की आपण नुसत्या माहेराला चाललोय.

सावित्रीबाई पाष्टेवाडीची लेक. आमच्या डोळ्यांदेखत बाकीची घरं गळाली. कुणी मुंबईला गेलं, कुणी जनावर विकलं, कुणी मोटरसायकल घेतली. शेवटी दोनच घरं राहिली. पाष्टेवाडीत तिच्या धाकट्या भावाकडे, आत्मारामकडे, काजळ्या नावाचा घोडा. तोंड काळंकुट्ट, बाकी अंग मातकट. आणि सहा किलोमीटरवर भुवडवाडीत सावित्रीबाईंकडे दोन घोड्या. तांबडी म्हातारी, तिचं वेत होण्याचं वय गेलेलं. दुसरी तिचीच मुलगी मुंगी, आठ वर्षांची. सावित्रीबाईंचा नवरा वारला त्याला बारा वर्षं झाली, मुलगा ठाण्याला पहारेकऱ्याच्या नोकरीत. घरात ही बाई, दोन घोड्या आणि आवाज.

भावाबहिणीचं बोलणं नऊ वर्षांपूर्वी बंद झालं. पाष्ट्यांचा सड्यावरचा तुकडा एका हॉटेलवाल्याला हवा होता. तिथून समुद्र दिसतो, एवढा त्या जमिनीचा गुन्हा. आत्मारामला सगळ्या बहिणींच्या सह्या हव्या होत्या, हक्कसोडपत्रावर. दोघी धाकट्या बहिणींनी मुंबईहून येऊन करून दिल्या. सावित्रीबाई म्हणाली, "मी नाय सही करायची. घोडी चरायची कुटं?" आत्माराम म्हणाला, "बाय, घोडीसाठी माज्या पोराचं नशीब अडवतेस?" ती त्यावर जे म्हणाली ते मी इथे लिहू शकत नाही. आत्मारामनेही सांगून टाकलं की सही होईस्तोवर तुझ्या घोडीला माझा घोडा नाही आणि तुला माझं दार नाही.

माणसं भांडली तरी जनावरांना त्याचं काय! भात कापून झालं की आमच्याकडे गुरं मोकळी सोडतात, ती पावसाच्या तोंडाशी परत बांधतात. काजळ्या इकडून सड्यावर जायचा, घोड्या तिकडून चढायच्या. पाच वर्षं ती परस्पर भेटत राहिली आणि दोन्ही घरांनी ते न बघितल्यासारखं केलं. त्या काळात मुंगीला एक नर शिंगरूही झालं. मग चार वर्षांपूर्वी हॉटेलवाल्याने, खरेदीखत व्हायच्या आधीच, साठेखताच्या जोरावर सड्याला काटेरी तार मारली. आत्मारामचा मुलगा ऋत्विक काजळ्याला किनाऱ्यावर नेऊ लागला, पर्यटकांना फिरवायला. डोक्यावर तुरा, गळ्यात घुंगरं. आणि सावित्रीबाईंचं ते नर शिंगरू त्याच पावसात फुरसं चावून मेलं.

हे शेवटचं मला ठाऊक नव्हतं. मी तेव्हा मुलीच्या बाळंतपणासाठी कुवेतला होतो. परत आल्यावर कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

गेल्याच्या गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत किनाऱ्यावर झुंबड होती. काजळ्या एका पाहुण्या घोडीच्या मागे सुटला, आणि त्या घोडीच्या पाठीवर पुण्याची एक लहान मुलगी बसलेली. मुलगी वाळूत पडली, रडली, तिला काही झालं नाही. पण तिच्या बापाने मोबाईलवर सगळं टिपलं. ऋत्विक घाबरून माझ्याकडे आला. म्हणाला, "चाचा, याला खच्ची करून टाका. नायतर माजा धंदा बसेल." मी एकच प्रश्न विचारला, "नर दुसरा आहे ना कुठे?" तो म्हणाला, "आत्याकडे हाय ना शिंगरू." तो खोटं बोलला नाही. त्यालाही ठाऊक नव्हतं. सात वर्षं न बोलणाऱ्या घरात वाढलेला पोरगा, त्याला आत्याच्या गोठ्यात काय मेलं ते कुठून कळणार? पण मला विचारायला काय झालं होतं? एक फोन! माझ्याकडे भुवडवाडीतल्या तीन माणसांचे नंबर आहेत. मी हत्यारं उकळली आणि अर्ध्या तासात काम उरकलं. निघताना सवयीने सांगितलं, "महिनाभर घोडीजवळ बांधू नको, आत उरलेलं बीज असतं." ऋत्विकने मान हलवली. काम चांगलं झालं म्हणून मी स्वतःवर खूशही होतो.

आठ दिवसांनी तांबडीचा खूर बघायला भुवडवाडीत गेलो. सावित्रीबाई घोड्यांना पेज देत होती. खूर हातात धरून मी गप्पांच्या ओघात सांगितलं की काजळ्याला खच्ची केला, आता शांत आहे, आणि तुमचं शिंगरू केवढं झालं?

पेजेचं घमेलं माझ्या डोक्यावर आलं. पेज कोमट होती म्हणून आज हे लिहितोय.

"शिंगरू?" ती ओरडली. "ते दोन पावसाळं झालं मेलंय! तुमी डाक्तर ना? मेल्या, तुज्या हाताला कीड पडो! शेवटचा व्हता तो! शेवटचा!"

इतक्या वर्षांत तिने मला कधी अरेतुरे केलं नव्हतं. एकतीस वर्षं या जातीसाठी कागद लिहिले आणि शेवटचा नर माझ्याच सुरीने संपवला. ती मातीत बसली आणि दोन्ही हातांनी स्वतःचं कपाळ बडवायला लागली. तेव्हा मला मीच सवयीने बोललेलं वाक्य आठवलं.

"बाई, थांबा. अजून दिवस आहेत," मी म्हणालो. "खच्ची केल्यावर लगेच सगळं संपत नाही. नळीत बीज उरतं. दोन आठवडे, फार तर तीन. घोडी माजावर हवी, आणि घोड्याची इच्छा हवी."

तिने हात थांबवले. बोटांवर तिथी मोजल्या. घोडीचा माज ती कॅलेंडरवर बघत नाही, तिथीवर बघते, आणि आजवर चुकलेली मी पाहिली नाही.

"मुंगी तीन दिसांनी येईल," ती म्हणाली. मग उठली, लुगड्याची माती झटकली. "उद्या पाष्टेवाडीत जातंय मी. तुमी येवचं. तुमीच केलंय हे."

सात वर्षांनी सावित्रीबाई माहेरच्या बेड्याशी उभी राहिली. बेडं म्हणजे कुंपणाचं आडवे बांबू सरकवायचं दार. ते सरकवून आत जायला तिला कुणी अडवलं नसतं. पण ती बाहेरच उभी राहिली. आत्माराम पडवीत बसला होता. त्याची बायको कमळा पाण्याचा तांब्या घेऊन आली, सावित्रीबाईने घेतला नाही. मी सगळं सांगितलं. शिंगरू मेलं ते, माझी चूक, उरलेले दिवस, सगळं. ऋत्विकचा चेहरा पडला. तो म्हणाला, "आत्ये, मला खरंच म्हायत नव्हतं." त्या घरात त्या दिवशी तेवढं एकच वाक्य माणसासारखं बोललं गेलं.

आत्माराम मात्र पान लावत बसला. मग म्हणाला, "घोडी आण. पण आधी सही."

मी म्हणालो, "अरे आत्माराम, दिवस मोजके आहेत. सही नंतर घे, ती शब्द देईल."

"शब्द नको. रजिष्टर पायजे. सात वर्षं थांबलोय मी, सुलेमानभाय. ही एकदा घोडी घेऊन गेली की मला कोण विचारतो?"

मला त्याचं डोकं फोडावंसं वाटलं. तो वाईट माणूस आहे असं कुणी म्हणणार नाही, पालखी खांद्यावर घेतो, गावकीत वर्गणी पहिली देतो. पण समोरच्या माणसाचा हात दगडाखाली आहे हे दिसल्यावर दगडावर जाऊन बसायचं, हे आमच्याकडे चांगल्या माणसांनाच जमतं. आणि तिलाही काय म्हणावं! त्या सड्यासाठी ती सात वर्षं भावाशी भांडली ती घोड्यांना चरायला मिळावं म्हणून. आता घोडी गाभण राहायला हवी तर तोच सडा सोडायचा.

मला वाटलं ती शिव्या देईल. तिने दिल्या नाहीत. फक्त विचारलं, "कदी जायचं रत्नागिरीला?"

आत्मारामचा कागद सात वर्षं तयार होता, तरी मुद्रांक, आधार, साक्षीदार यात दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी, तिने सांगितल्याप्रमाणे, मुंगी माजावर आली. पहाटे सावित्रीबाई तिला चालवत पाष्टेवाडीत घेऊन आली आणि बेड्याबाहेर आंब्याला बांधली. मुंगी खिंकाळली. आतून काजळ्याने उत्तर दिलं. दोघांमध्ये एक बेडं. आत्माराम शर्टाची बटणं लावत बाहेर आला आणि म्हणाला, "चला, रिक्षा आलीय."

ऋत्विक बापाला म्हणाला, "बाबा, आता तरी सोडू या ना त्याला. तुमी या जाऊन."

"संध्याकाळी," आत्माराम म्हणाला.

नोंदणी कार्यालयात सुट्ट्यांनंतरची गर्दी होती. आमचा नंबर लागायला दुपारचे तीन वाजले. तोपर्यंत भाऊ एका बाकावर आणि बहीण दुसऱ्या, मध्ये मी, दोघांचा साक्षीदार. सावित्रीबाईला मी चहा आणून दिला, तो तिने तसाच खाली ठेवला. कारकुनाने कागद वाचून दाखवला. सदर मिळकतीत लिहून देणार हिचा यापुढे कोणताही हक्क, हितसंबंध अथवा मागणी राहिलेली नाही. "समजलं का आजी? राजीखुशीने देताय ना?" असं त्याने रीतसर विचारलं. ती म्हणाली, "व्हय, राजीखुशी." त्या एका शब्दात इतका राग होता की कारकुनाने मान वर करून पुन्हा एकदा बघितलं. फोटो काढला, अंगठा घेतला. साक्षीदार म्हणून मी सही केली. माझ्या आयुष्यातल्या दोन कामांची मला लाज वाटते, आणि ती दोन्ही त्या बारा दिवसांतली आहेत.

परतलो तेव्हा ऊन कलतं होतं. मुंगीने दावं हिसडून हिसडून आंब्याची साल सोलली होती. मी काजळ्याची जखम तपासली. सूज होती, ओल होती, दुखत होतंच. आधी त्याला कापलं, आता त्या दुखऱ्या जनावराला कामाला लावतोय. त्याच्या मानेवर हात ठेवून मी मनात माफी मागितली. माणसांजवळ मागण्यापेक्षा ते सोपं होतं. ऋत्विकने बेडं सरकवलं. पहिल्या वेळी काजळ्या चढला आणि कळवळून उतरला. सावित्रीबाई मुंगीच्या तोंडाशी उभी होती, घोडीच्या कपाळावर कपाळ टेकून काहीतरी पुटपुटत होती. बऱ्याच वेळाने काजळ्या पुन्हा आला. या वेळी उतरला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आणखी एकदा झालं. मग घोडी घेऊन ती चालत भुवडवाडीला गेली. कुणाचा निरोप घेतला नाही, माझाही नाही.

तीन महिने तिने मला दारात उभं केलं नाही. मग माघ संपताना तिचाच निरोप आला. मी गेलो, घोडी तपासली. हात बाहेर काढला तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. "आहे," म्हणालो. ती म्हणाली, "हात धुवा आणि जावा." पण जाताना पाठीमागून विचारलं, "च्या घेणार काय?"

तो पावसाळा तिने कसा काढला ते मी बघितलंय. सडा आता कायमचा गेलेला. वर हॉटेलवाल्याचा पहारेकरी आणि बुलडोझर. ही बाई लोकांच्या बांधांवरचं गवत कापून डोक्यावर भारे आणत होती. बांधावरच्या गवतासाठीही माणसं कुरकुर करायची. त्यांच्याशी भांडत होती, कापत होती. ऋत्विक दर आठवड्याला टेम्पोतून पेंढा आणून टाकायचा. तिने त्याला कधी बरं म्हटलं नाही, पण पेंढा परतही पाठवला नाही.

दिवाळीच्या तोंडावर मुंगी व्याली. नर. तोंड काळंकुट्ट, पाठीवर रेघ. मी मधाचं बोट लावायला गेलो तर सावित्रीबाईने हात झटकला. म्हणाली, "लांबून बघा. तुमचा हात नको."

चार दिवसांनी भाऊबीज. मी शिंगराच्या नाळेला औषध लावायला गेलो होतो, म्हणजे औषध देऊन लांब बसलो होतो. तेवढ्यात आत्माराम आला. आठ वर्षांनी बहिणीच्या दारात. हातात साडी, मिठाईचा पुडा. सावित्रीबाईने पाट मांडला, दिवा लावला, त्याला ओवाळलं. सणाला आलेल्या माणसाला ती उपाशी धाडणार नव्हती. त्याला आंबोळ्या वाढल्या. तो पोटभर जेवला, हात धुतले आणि गोठ्यात डोकावला.

"आपल्या काजळ्याचा तोंडवळा घेतलाय," तो म्हणाला. "बाय, दूध सुटलं की ऋत्विकला धाडतो टेम्पो घेऊन. रीतीप्रमाणे नर माहेरचा."

मला वाटलं आता घमेलं उडणार. मी जागा सोडून उठलोसुद्धा. पण ती ओरडली नाही. इतक्या वर्षांत तिचा हळू आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

"सुलेमानभाय, तुमी साक्षीला व्हता. त्या कागदावर काय लिवलंय?"

मी सांगितलं. हक्क नाही, संबंध नाही, मागणी नाही.

"आयकलंस?" ती भावाला म्हणाली. "रीत माहेरवाशिणीला असते, आत्मा. मी तुज्या घरची कुणी नाय, हे तू मला अंगठा लावून लिवून घेतलंस. घोडी आंब्याला दिसभर आरडत व्हती, तरी आधी लिवून घेतलंस. मंग आता कुठलं माहेर नि कुठला नर?"

तिने साडीची घडी उचलून त्याच्या हातात परत दिली.

"पोरगा तुजा शाणा हाय. त्याला सांग, कुठं कातळी घोडी मिळाली तर घेऊन ये, माज्या दारात घोड्याला दाखवायला आण. मी सही मागायची नाय." मग तिचा आवाज पुन्हा चढला, वाडीला ऐकू जाईल इतका. "पण आत्मा, तू रिकामा आलास तर या दारातनं आत येव नको!"